मोपेडवरचा झरा

मार्गशीर्षाची थंडी पडली की आमच्या घरात पांढऱ्या कॅनची शोधाशोध सुरू होते. गोडेतेलाचा दहा लिटरचा कॅन. सोड्यानं कितीदा धुतला असेल त्याला गणती नाही, तरी झाकण उघडलं की करडईच्या तेलाचा पुसट वास येतोच. तो कधी माळ्यावर असतो, कधी गच्चीवर. एकदा तर शेजाऱ्यांच्या गणपतीच्या आराशीत धबधब्याच्या मागं दडलेला सापडला होता. यंदा तो आईनंच शोधला, दाराशी आणून ठेवला आणि मला फोन केला.

"साळवेमामांचा फोन होता," ती म्हणाली. "आपलं झाड एका बाजूनं वाळलंय. त्यांचा मुलगा म्हणतो, काढून टाकू. मामा म्हणाले, बाई, एकदा बघून जा."

"रविवारी जाऊ. कितीला निघायचं?"

"तुला जमेल तेव्हा."

आमच्या घरात निघायची वेळ आई ठरवते. सहा म्हणजे सहा, सव्वासहाला ती फाटकाशी उभी राहून गाडीपेक्षा आधी गरम होते. तिचं 'तुला जमेल तेव्हा' मी जन्मात ऐकलं नव्हतं. गुडघ्यांनी तिला धरून ठेवलंय, सत्तरी उलटलीय, हे सगळं मला माहीत होतं. पण ती घड्याळ दुसऱ्याच्या हातात देईल असं वाटलं नव्हतं.

हे घड्याळ तिनं मिळवलं होतं एका फसलेल्या सहलीनंतर. मी तेव्हा सहावीत होते. शहराचं नाव औरंगाबाद होतं आणि ते चारी बाजूंनी पसरत चाललं होतं. आमचं घर एका नव्या वसाहतीत. तिथं रस्ते आधी आखले होते आणि माणसं सवडीनं येत होती. मोकळे प्लॉट, त्यांत वेड्या बाभळी, वाळूचे ढीग, विटांच्या चळती. पावसानं दोन वर्षं पाठ फिरवली होती, नळाला तिसऱ्या दिवशी पाणी यायचं, तेव्हा अंगणात झाड लावायची कुणाची छाती नव्हती. आणि अशा मुरमाड जागी राहायची माझी आई, जी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. फळ्यावर मूळ, खोड, पान काढून त्यातून निळ्या खडूनं पाणी वर चढवणारी बाई. घरी आली की खिडकीतून तिला दिसायचा तो समोरच्या बांधकामाचा मिक्सर.

"आठवड्यातून एक दिवस मला हिरवं बघू द्या," ती बाबांना म्हणायची. "मग सहा दिवस काहीही दाखवा."

बाबा कोर्टात कारकून. त्यांना रविवारी हिरवं नाही, उशी बघायची असायची.

आईच्या शाळेत प्रयोगशाळा सांभाळायचे साळवेमामा. शाळेतल्या सेवकांना मामा म्हणायची रीतच असते, पण हे आईला भावाच्या जागी होते. परीक्षानळ्या धुऊन त्या उन्हात अशा मांडायचे की तडा गेलेली नळी लांबून ओळखू यावी. बिडकीनच्या पुढं पाच किलोमीटर आत त्यांची शेती होती. तिथं सहा वर्षांपूर्वी त्यांनी आणि मामींनी मोसंबीची बाग लावली होती. पहिली दोन वर्षं घागरींनी पाणी घालून रोपं जगवली. शनिवारची शाळा सुटली की मामा सायकल काढायचे ते सोमवारी पहाटेच परतायचे. त्या हिवाळ्यात बाग पहिल्यांदा बहारावर यायची होती. मामांचं सगळं लक्ष तिथं लागलेलं. सल्फ्युरिक ॲसिडच्या बाटलीवरची धूळ पुसतानासुद्धा ते मोसंबीबद्दल बोलायचे.

"बाई, एकदा बाग बघाय या. साहेबांना घेऊन या, पोरीला घेऊन या."

गेलो. बसनं गेलो. नेमका बाजाराचा दिवस होता, बिडकीनपर्यंत उभ्यानं. पुढं पाच किलोमीटर कसलंही वाहन नव्हतं. माझ्या चपलेचा अंगठा तुटला आणि ती मी हातात घेऊन चालले. पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. जेमतेम तासभर झाडाखाली टेकलो असू, तोच बाबा म्हणाले, उठा, नाहीतर परतीची बस जाईल. येताना बाबांच्या मांडीवर कुणाचीतरी कोंबड्यांची पाटी होती आणि एक कोंबडी शहर येईपर्यंत त्यांच्या शर्टाच्या बटणाला चोच मारत होती. बाबांना हसू आवरत नव्हतं. आई मात्र रस्ताभर घड्याळ बघत होती. घरी आल्यावर पाय धुता धुता म्हणाली, "दिवसभराचा प्रवास आणि तासभराची बाग. असं नाही चालायचं. बाग बघायची तर घड्याळ आपलं पाहिजे."

महिन्याभरात तिनं जुनी मोपेड घेतली. बाबांची स्कूटर होतीच, पण तिच्यावर तिघं आणि डबे आणि सतरंजी म्हणजे सर्कस. आई मोकळ्या प्लॉटांवर मोपेड शिकली. साडीचा पदर खोचून, चष्म्याला दोरी बांधून, वसाहतीतल्या समस्त कुत्र्यांच्या देखरेखीखाली. ब्रेक लागेना की ती सरळ वाळूच्या ढिगात घुसवायची. "न्यूटनचा पहिला नियम," असं म्हणून वाळू झटकत उठायची. पुढं कित्येक दिवस आमच्या घरात गादीवर, ताटात, माझ्या वेणीत वाळू सापडत होती.

मग सुरू झाल्या आखण्या. गेल्या महिन्याचं कॅलेंडरचं पान उलटं करून आई त्यावर रविवार मांडायची. किती वाजता निघायचं, हवा कुठं भरायची, कोणाच्या मागं कोण बसेल, डबा कुणाच्या पायाशी, सतरंजी कुठं बांधायची. सतरंजी सुतळीनं बांधायची नाही, सायकलच्या ट्यूबनंच बांधायची, कारण सुतळी खड्ड्यात दगा देते. शेवटी ठळक अक्षरात: दिवेलागणीला घरी. बाबा ते पान वाचून म्हणायचे, "बागेत चाललोय की वऱ्हाड घेऊन?" पण रविवारी पहाटे स्कूटरची सीट पुसताना ते शीळ घालायचे, हे मी पाहिलंय.

आम्ही दौलताबादच्या पायथ्याशी पेरूच्या बागेत गेलो. किल्ल्याची सावली हळूहळू आमच्या सतरंजीवरून सरकत गेली आणि आम्ही तिच्या मागं मागं सतरंजी ओढत राहिलो. देवगाव रंगारीच्या वाटेवर एका ओळखीच्यांच्या मळ्यात गेलो, तिथं त्या वर्षी बाग नव्हतीच, नुसती विहीर होती आणि तिच्या कठड्यावर एक लिंबाचं झाड. त्याखालीही आम्ही सहा तास काढले. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, घट्ट दही. दुष्काळात भूक मात्र कमी होत नसते. आई झाडाला पाठ टेकून बसायची आणि काही म्हणजे काही करायची नाही. वह्या तपासायच्या नाहीत, स्वेटर विणायचा नाही, मला पाढे विचारायचे नाहीत. तिला असं रिकामं बसलेलं मी घरी कधी पाहिलं नव्हतं. ती मला तेव्हा फार सुंदर दिसायची.

पण फिरून फिरून आम्ही जायचो ते साळवेमामांच्या बागेत. दुष्काळात पाहुण्यांनी आपलं पाणी आपण न्यायचं, हा आईचा नियम. म्हणून ते कॅन. एक बाबांच्या स्कूटरवर पायाशी, एक आईच्या मोपेडवर मागं बांधलेला. पैठण रस्त्यानं निघालो की नक्षत्रवाडीपासून पाण्याची मोठी नळवाहिनी रस्त्याच्या सोबतीनं चालायची. धरणातून शहराला पाणी आणणारी. तिच्या सांध्यातून पाणी झिरपायचं तिथं बायका घागरी घेऊन बसलेल्या असायच्या, आणि शेजारी एखादी म्हैस पाळीत उभी. स्टेशनजवळ हवा भरून देणाऱ्या चाचांनी एकदा आमचे कॅन बघितले आणि आईला विचारलं, "बाजी, पानी लेके किधर?"

"पैठण रोडला."

"पैठन से पानी शहर कू आता, तुम शहर से पैठन कू ले जारे?" चाचांनी पंप थांबवून बाबांकडे बघितलं. "उल्टी गंगा बहारे साब तुम लोगां."

बाबा हा किस्सा पुढं कोर्टात वर्षभर सांगत होते.

मामांच्या बागेत आमचं झाड ठरलेलं होतं. वायव्येच्या कोपऱ्यातलं, बांधाला लागून. तिथं वारा लागत नसे आणि सतरंजी सपाट बसायची. मामा आले की म्हणायचे, "बसा बाई सावलीला. लई लांबून आलात." मग ते आणि मामी ज्वारीच्या तुकड्यात जायचे. मामी मूठभर हुरडा भाजून आणायच्या आणि दर वेळी माफी मागायच्या, कारण त्या वर्षी कणसं भरलीच नव्हती. त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात बाबासाहेबांची तसबीर होती, आणि तिच्या खाली मामांनी शाळेतली मोडीत निघालेली एक काचनळी ठेवून तिच्यात मोसंबीची डहाळी लावली होती.

पौष लागला आणि बागेचं रूप बदलायला लागलं. पानं मलूल झाली, कडांनी वळली, मग गळायला लागली. आळ्यांत भेगा. मामांना विचारलं तर म्हणाले, "पाणी बंद केलंय." एवढंच, आणि कामाला गेले. आम्ही समजायचं ते समजलो. विहीर आटली. सहा वर्षांची मेहनत डोळ्यांदेखत वाळतेय आणि माणूस हूं की चूं करत नाही. आईनं अर्धा धपाटा डब्यात परत ठेवला.

त्या दिवशी कॅनमध्ये थोडं पाणी उरलं होतं. आईचा दुसरा नियम असा, की नेलेलं पाणी परत आणायचं नाही. ते तहानलेल्याला द्यायचं. तिनं ते आमच्या झाडाच्या आळ्यात ओतलं. जमिनीनं ते इतक्या चटकन ओढून घेतलं की आम्ही तिघंही बघत राहिलो. पुढच्या रविवारी थोडं जास्त उरलं. त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही पाणी प्यायलोच जेमतेम, आणि अख्खा कॅन झाडाला. नंतर दोन्ही. मामा आणि मामी ज्वारीत असताना. लपून.

"त्यांना सांगू या की," मी म्हटलं.

"नको. स्वाभिमानी माणूस आहे. आपण त्यांना पाणी द्यायला निघालो असं व्हायला नको."

बाबांनी एकदाच शंका काढली. "दोनशे झाडांत एका झाडाला पाणी घालून काय होणार?"

"एक झाड जगेल," आई म्हणाली.

आणि ते जगलं. जगलं कसलं, मिरवायला लागलं. सगळी बाग पिवळी, निस्तेज, आणि कोपऱ्यात एकटं आमचं झाड हिरवंगार. आईला काय आनंद व्हायचा! सतरंजीवर बसून ती त्याच्या पानांवरून असा हात फिरवायची, जसा परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीच्या डोक्यावरून फिरवावा.

मग एका गुरुवारी ती शाळेतून घरी आली ती पांढरीफटक. पर्स न ठेवता खुर्चीवर बसली. बाबांनी पाणी दिलं ते तिनं हातातच धरलं.

झालं होतं असं. मधल्या सुट्टीत साळवेमामा प्रयोगशाळेत हसत हसत आले होते. त्यांनी पाणाड्याला बोलावलं होतं, जमिनीखालचं पाणी दाखवणाऱ्याला. तो तळहातावर नारळ घेऊन बागभर फिरला आणि वायव्येच्या कोपऱ्यात, त्या हिरव्या झाडापाशी, नारळ उभा राहिला. मामांना तर नारळाच्याही आधी खात्री होती. सगळ्या बागेचं पाणी तोडलंय आणि एकच झाड हिरवं राहतं म्हणजे त्याच्या मुळाला झरा लागलाय, आणखी काय? शुक्रवारी बोअर मारायची गाडी यायची होती. मामांनी रजा टाकली होती. उन्हाळा काढायचा तर नवं पाणी लागणारच होतं. बागेचं जे काही व्हायचं ते ह्या बोअरवर होतं. एकदाच मारता येईल अशी बोअर, आणि जागा एकच.

"मग तू सांगितलं नाहीस?" बाबांनी विचारलं.

"तिथं सगळ्या बाया उभ्या होत्या. त्यांचं अभिनंदन करत होत्या." आईनं पेला तसाच खाली ठेवला. "मला तोंड उघडता आलं नाही. मी पण म्हणाले, अभिनंदन मामा."

हे शेवटचं वाक्य तिनं ज्या आवाजात म्हटलं तो आवाज मला अजून आठवतो. मला तिची दया आली आणि राग पण आला. इतरांना खरं बोलायला शिकवणारी माझी आई, आणि तिच्याच्यानं हे एवढं झालं नाही. त्या दिवशी मला कळलं, की लाज ही भीतीपेक्षा जड असते.

शुक्रवारी उजाडताच आम्ही निघालो, आई आणि मी. बाबांना कोर्टातून रजा मिळाली नव्हती. कॅलेंडरचं पान नव्हतं, डबा नव्हता, सतरंजी नव्हती आणि कॅनही नव्हता. आई मोपेड अशी हाणत होती की माझे कान गार पडून बधिर झाले. चितेगावच्या आसपास गाडीनं आचके दिले तेव्हा लक्षात आलं, पेट्रोल बघितलेलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिनं पेट्रोल बघितलं नव्हतं. तिनं मोपेड आडवी केली, दोनदा हलवली, कॉक फिरवला आणि टाकीच्या तळाच्या थेंबांवर आम्ही बिडकीन गाठलं. पेट्रोल भरल्यावर सुटे पैसे परत घ्यायलाही ती थांबली नाही.

बागेत पोचलो तर मामा कोपऱ्यातल्या झाडापुढची जागा झाडून साफ करत होते. मामींनी तिथं हळदकुंकू नाही, पण दोन झेंडूची फुलं ठेवली होती.

"बाई? आज शाळा नाय व्हय?"

आईनं मोपेड स्टँडवर लावली नाही, तशीच बांधाला टेकवली. "मामा, इथं झरा नाही. ह्या झाडाला मी पाणी घालत होते. दर रविवारी. दोन दोन कॅन. मी तुम्हाला काल सांगायला हवं होतं."

मामांनी झाडाकडे बघितलं, आळ्याकडे बघितलं, मग खाली बसून बोटानं आळ्यातली माती उकरली आणि चिमटीत धरली. प्रयोगशाळेत तडा गेलेली नळी शोधताना ते अशाच डोळ्यांनी बघायचे.

"का घातलं?"

"बाग वाळत होती. मला वाटलं, विहीर आटली."

"विहिरीत पाणी हाय, बाई. थोडकं हाय, पर हाय." ते सावकाश बोलत होते. "झाडांना ताण दिलाय आपण. चाळीस-पन्नास दिस पाणी तोडायचं. पानं गळू द्यायची. झाडाला वाटलं पाहिजे, आता काय खरं नाय. मंग पाणी दिलं की सगळी कळी एकदम फुटती. सारखं पाणी पाजलं तर पाला येतो, फूल नाय येत."

आई मान खाली घालून ऐकत होती. वनस्पतिशास्त्र शिकवणारी बाई, आणि तिच्या शाळेतला सेवक तिला तास देत होता.

"तुमच्या पुस्तकात झाडाला पाणी द्या एवढंच हाय," मामा म्हणाले. "कधी देऊ नये, ते नाय लिवलेलं."

मग ते ताडकन उठले. "गाडी फाट्यावर चहाला थांबंल. चला, बाई."

आईनं मोपेड वळवली आणि साळवेमामा तिच्या मागं बसले, दोन्ही हातांनी कॅन बांधायची कडी धरून. गावातून जाताना पारावरची माणसं उठून बघायला लागली होती म्हणे: बांगड्या घातलेली, चष्मा लावलेली बाई पुढं, आणि फेटा बांधलेले मामा मागं. मी बागेतच मामींजवळ थांबले होते. मामींनी मला गूळ-शेंगदाणे दिले आणि एकच प्रश्न विचारला.

"तुझी माय घरी बी असंच करती व्हय?"

"कसं?"

"चुकलं की पळत येऊन सांगती?"

मी हो म्हटलं. पूर्ण खरं नव्हतं, पण मला म्हणावंसं वाटलं.

अर्ध्या-पाऊण तासानं मोपेडचा आवाज आला. मामा उतरले, दोन्ही गुडघे चोळले आणि मामींना म्हणाले, "परत धाडली गाडी." मग त्यांनी झाडाला टेकून बसत माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर हसू यायच्या बेतात होतं. "पाणाड्या खोटा नव्हता बरं का पोरी. झरा हायच हितं. फकस्त त्यो मोपेडवर येतो."

आधी मामी हसल्या, मग मी. आई रडली. मग रडता रडता तीही हसली. त्या कोपऱ्यात पुढंही कधी बोअर मारली नाही कुणी.

माघात बाग फुलली. तो वास मी कशासारखा म्हणू? मला तरी मोसंबीच्या फुलांच्या वासासारखा दुसरा वास माहीत नाही. रस्त्यावरूनच कळायचं की आलो. एकशे नव्व्याण्णव झाडं पांढरी आणि आमचं शहाणं हिरवं, एकही फूल नसलेलं. मामांनी त्याचा राग धरला नाही, आमचाही नाही. उन्हाळ्यात विहिरीनं तळ दाखवला तेव्हा त्यांनी अर्ध्याहून जास्त फळं स्वतःच्या हातानं लहान असतानाच तोडून टाकली, झाडं वाचावीत म्हणून. उतारावरची काही झाडं तरी गेलीच. आम्ही रविवारी कॅन नेतच होतो, पण आता उघडपणे. गेटाशी आई विचारायची, "मामा, आज कुठं?" आणि मामा बोटानं दाखवायचे. एवढी साधी गोष्ट, विचारायची. ती शिकायला आम्हाला अख्खा हिवाळा लागला.

पाऊस आला. तो बरा आला. आणि सगळी बाग फळं पोसत असताना आमच्या वेड्या झाडाला आता फुलं आली. मामा कपाळाला हात लावून म्हणाले, "ह्याचं घड्याळच येगळं." बागेची मोसंबी दिवाळीच्या सुमाराला उतरली आणि बाजारात गेली. आमच्या झाडाची शिवरात्रीला पिकली. एका झाडासाठी व्यापारी कशाला येतोय? शिवरात्रीच्या आदल्या दिवशी मामा पिशवी घेऊन प्रयोगशाळेत आले आणि टेबलावर ठेवून म्हणाले, "घ्या बाई, तुमचा उपवास असंल. तुमच्या झऱ्याची हायत."

तेव्हापासून दर वर्षी. मामा निवृत्त झाले, आई झाली. मी शिकले, नोकरीला लागले, लग्न करून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले. बाग दोनदा काढून पुन्हा लावली, ठिबक आलं. ते झाड मात्र मामांनी काढू दिलं नाही. ते आपल्या घड्याळानं फुलत राहिलं आणि आम्ही आपल्या घड्याळानं जात राहिलो.

तर यंदाचा रविवार. गाडी माझी, मागं बाबा, बसल्या बसल्या झोपलेले. पुढं आई, पायाशी कॅन. मोबाइलवरचा नकाशा मला नव्या नव्या रस्त्यांवरून वळवत होता आणि आई त्याच्याशी भांडत होती. "इथून नाही, चिंचेपासून डावीकडं." चिंच कुठं होती? तिथं आता रुंद रस्ता, दुभाजकावर लावलेली कण्हेर, पुढं कंपन्यांच्या लांबच लांब भिंती. बिडकीनच्या अलीकडं तर मला कुठल्या गावात आहोत तेच कळेना. पण रस्ता चांगला होता, खोटं कशाला बोलू. ज्या वाटेवर माझी चप्पल तुटली होती तिथं आईच्या गुडघ्याला धक्कासुद्धा लागला नाही. आणि भिंत संपली तिथं मामांचा बांध लागला, तसाच.

मामा खाटेवर उन्हात बसले होते. डोळ्यांना आता कमी दिसतं. आवाजावरून ओळखलं त्यांनी. "कितीला निघालात, बाई?"

"निघालो जमेल तसं," आई म्हणाली.

"आँ?" मामांनी मान वर केली. "तुम्ही, आन् जमंल तसं?"

मामी गेल्याला तीन वर्षं झाली. मामा काठी टेकत आमच्यासोबत कोपऱ्यात आले. झाडाची अर्धी बाजू खरंच वाळली होती, खोडातून डिंक गळत होता. उरलेल्या अर्ध्यात चार फळं. बाकी बागेचं पाणी तोडलेलं, पानं कडांनी वळलेली. ताण चालू होता.

आईनं मला कॅन आणायला सांगितला. मी झाकण उघडून दिलं. करडईचा वास आला. तो दोन्ही हातांनी धरून ती आळ्याशी उभी राहिली, पण तिनं ओतलं नाही.

"मामा, घालू का?"

मामांनी झाडाच्या खोडावर तळहात ठेवला. ओघळलेला डिंक बोटानं चाचपला.

"घाला, बाई," ते म्हणाले. "आता ह्याच्याकडून कसला बहार घ्यायचाय? पिऊ द्या त्याला."

आईनं ओतलं. सावकाश, गोल फिरवत, सगळ्या मुळांना मिळेल असं. जमिनीनं ते तसंच चटकन ओढून घेतलं. बाबा सतरंजी पसरून तिच्यावर आधीच आडवे झाले होते. मामा आळ्याच्या काठाशी बसून ओल्या मातीचा वास घेत होते.

"पैठणचंच ना?" त्यांनी विचारलं.

"पैठणचंच. नळाचं."

"मंग पोराला सांगतो, ऱ्हाऊ दे म्हणून. झरा चालू हाय अजून."

आईनं कॅन उलटा करून शेवटचे थेंब झाडले, झाकण घट्ट लावलं आणि तो माझ्या हातात दिला. मग पदर खोचला, चष्मा नीट केला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "पुढच्या रविवारी सहाला निघायचं. सव्वासहा नाही."

मी कॅन गाडीत ठेवला.